सावडीची मोटार

दिवाळीच्या आदल्या दिवशी कमलनगरातल्या कुठल्याही गल्लीत एक चक्कर मारून पाहा. एरवी जिथे एखादी मोटारसायकल आणि दोन शेळ्या दिसतात, तिथे एकामागे एक मोटारी लागलेल्या असतात. एमएच १२ म्हणजे पुण्याची, एमएच १४ पिंपरी-चिंचवडची, टीएस ०९ हैदराबादची, केए ०३ बंगळुरूची. पोरं घरी आलेली असतात. गल्ली भरलेली पाहून आई-वडिलांना बरं वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

पण जरा मोजून पाहा. पुण्याहून आलेल्या तीन गाड्यांत मिळून माणसं किती आली? बहुतेक वेळा सात किंवा आठ. तिन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्याने, सोलापूर मागे टाकत चारशेवर किलोमीटर धावल्या. तिन्ही घरांनी वेगवेगळं डिझेल भरलं, वेगवेगळा टोल दिला. एकाच गल्लीतली ही पोरं वाटेतल्या धाब्यावर एकमेकांना भेटून चकित झाली. "अरे, तू पण आजच निघालास?"

दिवाळी संपली की गाड्या परत जातात आणि शहरातल्या सोसायटीच्या तळघरात उभ्या राहतात. इकडे कमलनगरात आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे उदगीरला जायचं असतं. अंतर वीसेक किलोमीटर. ती टमटम भरण्याची वाट पाहत बसते. घरात एक मोटार आहे, पण ती चारशे किलोमीटरवर कुलपात आहे.

या वेळी लिहायचं आहे ते वाटून घेतलेल्या मोटारीबद्दल, ज्याला तुम्ही मुलं कार शेअरिंग किंवा कारपूल म्हणता. शहरातल्या जागेसाठी आणि हवेसाठी ते बरं आहेच. पण मला ते आपल्या घरखर्चाच्या आणि आपल्या माणसांच्या बाजूने पाहायचं आहे.

एका बैलाचा शेतकरी

तुमच्या आजोबांना 'कार शेअरिंग' हा शब्द कळला नसता, पण गोष्ट लगेच कळली असती. आपल्याकडे तिला सावड म्हणत. ज्याच्याकडे एकच बैल असे, तो दुसऱ्या एका बैलवाल्याला गाठायचा. दोघांचे दोन बैल मिळून जोडी व्हायची. एक दिवस याच्या रानात औत, दुसऱ्या दिवशी त्याच्या. वर्षातले थोडे दिवस काम करणाऱ्या जनावराला वर्षभर वैरण घालायची, आणि तीही दोन-दोन बैलांना, हे लहान शेतकऱ्याला झेपत नसे. म्हणून सावड.

सावडीत प्रेम होतं तसा हिशेबही होता. खरी परीक्षा व्हायची वाफशाला. पाऊस उघडून रानात वाफसा आला की पेरणीची घाई दोघांनाही एकाच दिवशी. त्या दिवशी जोडी आधी कोणाकडे? ज्यांनी हे पावसाच्या आधी ठरवलेलं असे, त्यांची सावड वर्षानुवर्षं टिकली. ज्यांनी "बघू तेव्हा" म्हटलं, त्यांचं बांधावर भांडण झालं.

मोटारीचंही अगदी तसंच आहे. वर्षातले साडेतीनशे दिवस दोन घरांना एक गाडी पुरते. दिवाळी, पाडवा, लग्नाची तिथी आणि दवाखाना, हा तिचा वाफसा. तेवढं आधी ठरलं की बाकी सगळं सोपं.

हिशेब मांडूया

समजा, पुण्यात किंवा हैदराबादेत राहणाऱ्या एका जोडप्याने आठ लाखांची गाडी घेतली. दोघांपैकी एक जण मेट्रोने जातो, एक जण घरूनच काम करतो. गाडी निघते ती शनिवार-रविवारी आणि सणाला. पाच वर्षांनी ती चार लाखांना विकली, तर दर वर्षी ८० हजारांची घट झाली. कर्जाचं व्याज साधारण ३० हजार धरा. विमा २० हजार, सर्व्हिसिंग आणि टायर १४ हजार, पार्किंगचे महिन्याला हजार म्हणजे १२ हजार. बेरीज होते १ लाख ५६ हजार, म्हणजे महिन्याला १३ हजार. यात पेट्रोलचा एक थेंबही धरलेला नाही. गाडी नुसती उभी ठेवण्याचा हा खर्च आहे.

आता ती वर्षाला ४ हजार किलोमीटर चालली असं धरू. उभं राहण्याचा खर्च किलोमीटरमागे ३९ रुपये पडला. लिटरला पंधरा किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं पेट्रोल साधारण ७ रुपये. एकूण ४६ रुपये. टॅक्सी किलोमीटरला २५ रुपये घेते म्हणून आपण कुरकुरतो, आणि स्वतःच्या गाडीला जवळपास दुप्पट मोजतो. ते महिन्याच्या हप्त्यात, वर्षाच्या विम्यात आणि पाच वर्षांनंतरच्या पडत्या किमतीत विखुरलेलं असतं म्हणून दिसत नाही, एवढंच.

याच आकड्यांवर सीमारेषाही काढता येते. टॅक्सीचे २५ आणि पेट्रोलचे ७ यांत फरक १८ रुपयांचा. १ लाख ५६ हजारांना १८ ने भागलं की साधारण पावणेनऊ हजार येतात. वर्षाला तितक्याहून कमी किलोमीटर जाणाऱ्या घराला, निव्वळ पैशांत पाहिलं, तर स्वतःची गाडी महागात पडते. आकडे माझे धरून चालू नका. तुमच्या गाडीचे आकडे घाला, ओडोमीटर पाहा आणि एकदा कागदावर मांडा. दोन घरांनी मिळून हीच गाडी ठेवली, तर उभं राहण्याचे १३ हजार अर्धे होऊन घरटी साडेसहा हजारांवर येतात. उरलेले साडेसहा हजार दर महिन्याला कुठे घालायचे, ते तुम्हाला सांगायला नको.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. गाडी वाटून घेताना आपण फक्त पेट्रोलचे पैसे वाटतो आणि "झाला हिशेब" म्हणतो. खरं तर पेट्रोल हा एकूण खर्चातला लहानसाच वाटा. ज्याची गाडी आहे तो उरलेला खर्च मुकाट्याने सोसतो आणि वर्षभराने कुरबुर सुरू होते. मैत्रीत खोट येते ती इथून.

शहराची बाजू

एका मोटारीला उभं राहायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. पुण्या-मुंबईत आपल्यापैकी कितीतरी जणांची पहिली खोली याहून मोठी नव्हती. रोज दीड तास चालणारी गाडी साडेबावीस तास तेवढी जागा अडवून बसते. बंगळुरूत नोंदलेल्या वाहनांचा आकडा केव्हाच एक कोटीच्या वर गेला आहे. तिथल्या आउटर रिंग रोडवर संध्याकाळी अडकलेल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. आजूबाजूच्या बहुतेक गाड्यांत एकच डोकं दिसतं.

यावर सहकाराने काय होऊ शकतं, ते स्वित्झर्लंडने दाखवलं. तिथे १९८७ मध्ये दोन लहान सहकारी संस्था निघाल्या. थोडे सभासद, थोड्या गाड्या, आणि ज्याला लागेल त्याने नोंदवून न्यायची. १९९७ मध्ये त्या एकत्र आल्या आणि 'मोबिलिटी' नावाची सहकारी संस्था उभी राहिली. आज तिच्याकडे सुमारे तीन हजार गाड्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच रेल्वे स्टेशनांजवळ उभ्या असतात. लांबचा प्रवास रेल्वेने करायचा आणि शेवटच्या टप्प्यापुरती गाडी घ्यायची, अशी ती रीत.

आपल्याला सहकार शिकायला इतक्या लांब जायला नको. बीदरची जिल्हा मध्यवर्ती बँक बचतगटांच्या कामासाठी देशभर ओळखली गेली. आपल्या आया-बहिणींनी वही, बैठक आणि ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम, या तीन गोष्टींवर गट चालवून दाखवले. मोटारीच्या सावडीला याहून वेगळं काही लागत नाही.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

उत्साहात आपण एक गोष्ट विसरतो, ती म्हणजे कायदा. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापरासाठी आणि पिवळ्या पाटीची भाड्यासाठी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी. ही तिसरी जात १९८९ च्या 'रेंट अ कॅब' योजनेतून आली आणि तिच्या परवान्यासाठी किमान पन्नास गाड्या असण्याची अट होती. म्हणजे "माझी गाडी उभीच आहे, शेजाऱ्याला दिवसाच्या भाड्याने देतो" हे दिसतं तितकं साधं नाही.

घरच्यांनी किंवा मित्रांनी एकत्र जाऊन प्रवासाचा खर्च वाटून घेतला, तर तो धंदा होत नाही. पण अनोळखी माणसांकडून सीटमागे पैसे घेऊन, वर चार पैसे सुटतील अशा हिशेबाने पांढऱ्या पाटीची गाडी फिरू लागली, की ती भाड्याने चालते असा अर्थ निघू शकतो. परवान्याशिवाय तसं चालवल्यास मोटार वाहन कायद्यात पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड आहे आणि कैदही होऊ शकते. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बंगळुरूत याच प्रश्नावर वाद पेटला होता. टॅक्सी-रिक्षा संघटनांनी बंद पुकारला, त्यांच्या मागण्यांत अ‍ॅपवरचं कारपूलिंग थांबवण्याचीही मागणी होती.

त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. पिवळ्या पाटीवाला परवान्याचे पैसे भरतो, फिटनेस तपासणी करून घेतो, विम्याला जास्त मोजतो. त्याचं घर त्या सीटवर चालतं. दुसरीकडे, केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी खासगी गाडीतल्या सहप्रवासाला जागा ठेवली होती. राज्याने मनाई केली नसेल तर शहरात दिवसाला चार आणि शहराबाहेर आठवड्याला दोन फेऱ्या, अशी मर्यादा घालून. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि ते बदलतही असतात. म्हणून अ‍ॅपवरून अनोळखी प्रवासी घेण्याआधी आपण राहतो त्या राज्याच्या परिवहन खात्याचा ताजा नियम पाहून घ्या. ओळखीच्या घरांत खर्च वाटून घेणं हा सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि मी त्याच्याच बाजूने लिहितो आहे.

सीमेवरच्या आपल्या लोकांसाठी आणखी एक. भावाची केए ३८ ची, म्हणजे बीदरची गाडी पुण्यात नेऊन दोघं वापरू म्हणाल, तर जरूर वापरा. पण एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली, तर तिची नव्या राज्यात नोंदणी करावी लागते. दरवर्षी कोणी ना कोणी हे विसरतं आणि मग चौकात आठवतं.

विम्याचंही नीट बघा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर तुमच्या गाडीत बसलेल्या मित्राला इजा झाल्यास भरपाई त्यातून मिळेल असं धरून चालू नका. गाडी वाटून वापरायची तर पॅकेज विमाच हवा. मालक-चालकासाठी सक्तीचं पंधरा लाखांचं जे अपघात संरक्षण असतं, ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यापुरतं. दुसऱ्या घरातला जो चालवणार, त्याने आपलं वेगळं संरक्षण घ्यावं. आणि दोन घरं मिळून खर्च करणार असाल, तर विमा कंपनीला तसं लिहून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

"लोक काय म्हणतील?"

हा प्रश्न हिशेबापेक्षा मोठा असतो, हे मला ठाऊक आहे. गावाकडे स्वतःच्या गाडीतून उतरणं म्हणजे पोरगं मार्गी लागल्याची खूण. दुसऱ्याच्या गाडीतून उतरलं तर कोणी तरी विचारणारच, "का, गाडी विकली काय?" आई-वडिलांना तो प्रश्न झोंबतो. त्यांना हसू नका. त्यांनी भरलेल्या जीपच्या मागच्या फळीला लटकून प्रवास केलेला आहे, त्यांच्यासाठी गाडी म्हणजे त्या दिवसांवर मिळवलेला विजय आहे. त्यांना आकडे दाखवण्याआधी एवढं सांगा की गाडी कमी होणार नाही, हप्ता कमी होणार आहे.

दुसरी शंका सुरक्षिततेची, विशेषतः मुलींची. ती रास्त आहे. म्हणून सुरुवात ओळखीच्या वर्तुळातूनच करा. आपल्या मंडळाची घरं एकमेकांना दोन-तीन पिढ्यांपासून ओळखतात. निघताना गाडीचा नंबर आणि कोण कोण आहे ते घरी कळवायचं, चालवणाऱ्याने दोन तासांनी थांबायचं, आणि रात्रभर चालवायची पाळी एकाच्या माथी मारायची नाही. खरं तर एकट्याने चारशे किलोमीटर चालवण्यापेक्षा दोन चालक असलेली गाडी जास्त सुरक्षित. सणाच्या आदल्या रात्री ऑफिस सुटल्यावर एकट्याने निघणाऱ्या मुलाची आई पहाटेपर्यंत जागी असते, हे कोणत्याच हिशेबात धरलेलं नसतं.

तिसरी शंका ओरखड्यांची. गाडी वाटली की ओरखडा येणार, चलन येणार, फास्टॅगमधून पैसे जाणार. चलन मालकाच्या नावावर येतं, चालवलं कोणी का असेना. म्हणून वहीत पाच गोष्टी पहिल्याच दिवशी लिहा. गाडी कोणाच्या नावावर आणि विकताना पैसे कसे वाटायचे. उभं राहण्याचा खर्च महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा करायचा. कोणी कोणत्या दिवशी किती किलोमीटर नेली, आणि परत देताना टाकी किती भरलेली असावी. चलन, ओरखडा आणि विम्यात न बसणारी दुरुस्ती कोणाची. आणि वाफशाचे दिवस, म्हणजे या वर्षी दिवाळीला गाडी तुमची, पाडव्याला आमची, आणि दवाखाना असेल तर ज्याचा दवाखाना त्याची, न विचारता. शिवाय सहा महिन्यांनी एकदा बसून बोला. जमत नसेल तर तिथेच हसत सोडा. गाडी मोडली तरी चालेल, घरोबा मोडायला नको.

आणि कमलनगरचं काय?

आता त्या उदगीरला जायच्या आईकडे परत येऊ. बीदरकडे जायला आगगाडी आहे, कल्याण कर्नाटक महामंडळाच्या बस आहेत, आणि जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्यांतर्गत साध्या बसचा प्रवास मोफत आहे. पण आपला दवाखाना आणि आपला बाजार पुष्कळदा सीमेपलीकडे उदगीरला असतो. दुखऱ्या गुडघ्याने टमटममध्ये चढणं आणि बसच्या वेळेला डॉक्टरची वेळ जुळवणं, हे सत्तरीत सोपं नाही.

गल्लीत अशी चार घरं असतात, जिथे मुलं बाहेर आणि आई-वडील एकटे. चारही घरांना महिन्यातून एक-दोनदा दवाखाना. चौघांनी आपापली गाडी गावात ठेवायची म्हटलं, तर चालवणार कोण? त्यापेक्षा बाहेर असलेल्या चार मुलांनी मिळून गावातल्याच एका पिवळ्या पाटीवाल्याशी बोलावं. महिन्यातले ठरलेले चार दिवस, सकाळी नऊला गल्लीतून उदगीर, दुपारी परत. पैसे चौघांत वाटून, मुलांनी परस्पर पाठवायचे. गाडीवाल्याला बांधलेलं काम मिळतं, आई-वडिलांना दारात गाडी आणि सोबतीला शेजारीण मिळते. कायद्याचीही अडचण नाही. फक्त गाडीवाल्याकडे सीमा ओलांडायचा कागद आहे ना, तेवढं विचारा. शेजारच्या राज्यात जायला भाड्याच्या गाडीला त्या राज्याचा कर किंवा अखिल भारतीय पर्यटन परवाना लागतो.

यातही सगळं जमेल असं नाही. एखाद्या महिन्यात एकाला मंगळवारीच जायचं असेल आणि दुसरीच्या डॉक्टरची वेळ गुरुवारची असेल. कोणी म्हणेल, माझं दुखणं शेजारणीला कशाला कळायला हवं? हे प्रश्न त्यांनाच विचारून सोडवावे लागतील, पुण्यात बसून नाही. पण निदान विचारायला तरी लागू.

सुरुवात लहान करा. या दिवाळीला निघण्याआधी पंधरा दिवस गल्लीच्या ग्रुपवर एवढंच टाका: "मी अमुक तारखेला संध्याकाळी निघतोय, गाडीत दोन जागा आहेत. कोणी येतंय का? की मीच तुमच्याबरोबर येऊ?" दोन उत्तरं आली तरी गल्लीत एक गाडी कमी लागेल आणि धाब्यावर चकित व्हायची वेळ येणार नाही. आणि घरी पोहोचलात की आईला विचारा, उदगीरला पुढच्या वेळी कधी जायचंय, आणि गल्लीतून आणखी कोण जातं?